भाकरीचे पुढे काय होते?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिक अंकासाठी श्वसनावर लेख लिहायला घ्यावा, याचे माझ्या मैत्रिणींना मोठे नवल वाटले. "पावसावर कविता लिहायची सोडून हे काय गं काढलंस?" असे एकीने विचारलेही. तिचा प्रश्न रास्त होता. विज्ञानाशी माझा रीतसर संबंध दहावीबरोबर संपला. आता माझे विषय मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्र. पण गेल्या वर्षी धाकट्या भावाचा दहावीचा अभ्यास घेताना सजीवांच्या जीवनप्रक्रियांवरचा धडा पुन्हा हाती आला. त्यात पेशीतल्या श्वसनाची माहिती होती. परीक्षेसाठी वाचताना जो धडा दूरचा वाटला होता, तोच या वेळी आमच्या घराविषयी, आमच्या घरातल्या माणसांविषयी लिहिलेला आहे असे वाटू लागले. तसे का वाटले ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमचे गाव वळसंग. सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावरचे, दक्षिण सोलापूर तालुक्यातले. कर्नाटकाची हद्द जवळ असल्यामुळे आमच्यासारख्या अनेक घरांत कानडी आणि शाळेत मराठी अशा दोन भाषा मुलांना लहानपणापासूनच मिळतात. आई आमच्याकडे 'अव्वा' असते, वडील 'अप्पा' आणि आजोबा 'अज्जा'. भाषा दोन असल्या तरी ताटातली भाकरी एकच, ज्वारीची. पोटात भाकरी असेल तर अंगात बळ येते, हे आमच्याकडचे लहान पोरही जाणते. पण भाकरीचे बळ होते म्हणजे नेमके काय होते? पोट ती पचवते, एवढेच उत्तर आपण देतो. ते उत्तर अर्धेच आहे.

ज्वारीच्या पिठात मुख्यतः पिष्ट असते. तोंडातली लाळ आणि पुढे आतड्यांतले पाचकरस त्या पिष्टाचे तुकडे करतात आणि शेवटी त्याची साखर होते. तिला ग्लुकोज म्हणतात. ही साखर रक्तात शिरते आणि अंगभर फिरते. पचनाचे काम येथे संपले. बळ मात्र अजून आलेले नाही. बाजारातून ज्वारीचे पोते घरी आले म्हणून कोणाचे पोट भरत नाही, तसेच हे. साखर एकेका पेशीच्या दारी पोहोचली, आत गेली, की खरा स्वयंपाक तेथे मांडला जातो. त्या स्वयंपाकाला हवेतला ऑक्सिजन लागतो. यालाच पेशीचे श्वसन म्हणतात. आपण समजतो की श्वास नाकात आणि छातीत असतो. पण नाक आणि फुप्फुसे हा नुसता येण्याजाण्याचा दरवाजा. श्वासाची खरी गरज आत असते, बोटाच्या टोकापासून डोळ्याच्या पडद्यापर्यंत कोट्यवधी पेशींना.

ही गोष्ट पुस्तकाच्या आधी मला अज्जांनी सांगितली होती, फक्त तिचे शास्त्रातले नाव त्यांना ठाऊक नव्हते. अज्जांच्या लहानपणी आमच्या भागात ज्वारी पेवात साठवीत. पेव म्हणजे घट्ट, कोरड्या जमिनीत खणलेले खोल कोठार. कानडीत त्याला 'हगेवू' म्हणतात. तोंड अरुंद, पोट मोठे. आतून कडब्याचा थर द्यायचा, ज्वारी भरायची आणि तोंड दगड-मातीने लिंपून टाकायचे. धान्य वर्षानुवर्षे टिके. पण पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही असा दंडक होता. तोंड मोकळे करून ते बराच वेळ वाऱ्याला ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर माणसाने पाय टाकायचा नाही. घाईने उतरलेली माणसे जिवंत वर आली नाहीत, अशा गोष्टी अज्जा सांगत आणि आम्ही पोरे अंग चोरून ऐकत असू. कोणी त्याला भूतबाधा समजे.

भूत कसले! ज्वारीचा दाणा हा मेलेला खडा नसतो. त्याच्या पोटात कोंब झोपलेला असतो आणि झोपलेला जीवही श्वास घेतो. तो ऑक्सिजन घेतो. कार्बन डायऑक्साइड, थोडी वाफ आणि थोडी ऊब सोडतो. एका दाण्याचा श्वास तो केवढा? पण बंद पेवातल्या सगळ्या दाण्यांचा, शिवाय त्यांतल्या किडीचा आणि बुरशीचा श्वास एकत्र झाला की आतला ऑक्सिजन संपत जातो आणि हवेहून जड असलेला कार्बन डायऑक्साइड तळाशी साचून राहतो. त्यातच कीडही गुदमरून मरते. म्हणजे ज्या कोंडलेल्या हवेने माणसाचा घात होई, तिच्यामुळेच धान्य वाचे. कंदील, कीड, दाणा आणि माणूस या चौघांनाही हवे असते ते एकच. मात्र कंदील हा काही पूर्ण भरवशाचा पहारेकरी नव्हे; तो विझण्याआधीही कार्बन डायऑक्साइड माणसाला घातक होऊ शकतो. आता पोती आणि पत्र्याच्या कोठ्या आल्या. पेवे आठवणीपुरती उरली. तरीही ओलसर राहिलेल्या धान्याच्या पोत्यात हात घालून पाहावा. आत जी ऊब लागते ती या श्वासाचीच.

कंदिलाचे जळणे आणि जिवाचे श्वास घेणे यांची जात एक आहे, हे फ्रान्समधल्या आंत्वान लाव्हाझिए या शास्त्रज्ञाने 1780 नंतरच्या काही वर्षांत प्रयोगाने दाखवले. लाप्लास या गणितज्ञाच्या साथीने त्याने बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनिपिग ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळते ते मोजले. तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या कोळशाच्या उष्णतेशी त्याने ती ताडून पाहिली. हिशेब पुष्कळसा जुळला. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, असे त्याने सांगितले. हा अग्नी फुप्फुसांत असावा असे मात्र त्याला वाटले. तो पेशीपेशीत आहे हे पुढच्या शतकात कळले. 1794 साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला.

पण मग अंगात भडका का उडत नाही? कारण पेशी साखर एकदम जाळत नाही, पायरीपायरीने उतरवते. पहिल्या पायरीवर पेशीद्रव्यातच ग्लुकोजचे दोन तुकडे होतात. याला ऑक्सिजन लागत नाही आणि मिळकतही थोडीच होते. मग ते तुकडे पेशीतल्या तंतुकणिका नावाच्या इवल्याशा कोठड्यांत जातात. तेथे एक चक्र सतत फिरत असते. ते हान्स क्रेब्ज याने 1937 मध्ये उलगडले, म्हणून त्याला क्रेब्ज चक्र म्हणतात. या सगळ्या वाटेवर साखरेतला कार्बन सुटतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन आपल्या उच्छ्वासातून बाहेर पडतो. आपण जी हवा सोडतो तिच्यात काल-परवा खाल्लेल्या भाकरीचा अंश असतो, ही कल्पना मला तर अजून अचंब्यात टाकते.

शेवटची पायरी सर्वांत मिळकतीची. साखरेतून काढलेले इलेक्ट्रॉन एका साखळीतून हातोहात पुढे दिले जातात आणि त्या जोरावर तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यापलीकडे हायड्रोजनचे आयन लोटून साठवले जातात. येथे मला आपल्या उजनी धरणाची आठवण होते. पाणी अडवायचे, मग वाट करून खाली सोडायचे आणि त्याच्या लोटाने जनित्राचे चाक फिरवायचे. पेशीतही अगदी असेच घडते. अडवलेले आयन परत येताना एका सूक्ष्म यंत्रातून येतात आणि ते यंत्र खरोखरीच फिरते! पीटर मिचेल याने 1961 मध्ये ही धरणाची कल्पना मांडली तेव्हा पुष्कळांनी मान हलवली. 1978 मध्ये त्यालाच नोबेल पारितोषिक मिळाले. आणि ऑक्सिजनचे काम काय? साखळीच्या अगदी शेवटी उभे राहून थकलेले इलेक्ट्रॉन उचलून घ्यायचे. त्यातून पाणी तयार होते. तो शेवटचा हात नसेल तर सगळी रांग जागच्या जागी थांबते.

त्या फिरत्या चाकावर जे तयार होते त्याचे नाव एटीपी. हा पदार्थ 1929 मध्ये जर्मनीत लोमान याने आणि अमेरिकेत फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे शोधला. सुब्बाराव हे आंध्रातल्या भीमावरमचे, 1895 साली जन्मलेले. आपल्या देशातल्या एका लहान गावचा मुलगा जिवाच्या इतक्या मूळ गोष्टीपर्यंत पोहोचला, हे वाचून मला अभिमान वाटला.

भावाच्या पुस्तकात एटीपीला ऊर्जेचे चलन म्हटले आहे. हाताची मूठ वळायची, हृदयाचा ठोका पडायचा, जखम भरायची, सगळे व्यवहार याच नाण्याने होतात. एका ग्लुकोजमागे ऑक्सिजन असेल तर आजच्या हिशेबाने सुमारे 30 ते 32 नाणी मिळतात. जुन्या पुस्तकांत 36 किंवा 38 असत. ऑक्सिजन नसेल तर फक्त 2. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि तीही वाया जात नाही. आपले अंग उबदार राहते ते तिच्यामुळे. गंमत अशी की हे चलन साठवून ठेवता येत नाही. कोणत्याही क्षणी शरीरात त्याचा साठा अगदी थोडा, काही दहा ग्रॅमांचा. पण ते इतक्या वेगाने खर्च होते आणि पुन्हा तयार होते की दिवसभराची उलाढाल जवळजवळ आपल्या वजनाएवढी भरते. थोडक्यात, राजाचे असो वा रंकाचे, प्रत्येक शरीराचे पोट हातावर आहे. मजुराच्या घरातल्या मुलीला हे समजायला फार कष्ट पडत नाहीत.

तेव्हा बळ येण्यासाठी दोन गोष्टी हव्यात: अन्न आणि हवा. यांतली एक तुटली की काय होते, ते मला माझ्या घरातच पाहायला आणि ऐकायला मिळाले.

अन्न तुटल्याची गोष्ट अज्जीची. 1972 च्या दुष्काळात ती लग्न होऊन नुकतीच वळसंगला आली होती. विहिरी आटल्या, शेते उलली आणि नवी सून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. त्या कामावर सुकडी मिळे, तिची चव ती अजून सांगते. "अंग कसं आतून खाल्ल्यागत झालं होतं," असे ती म्हणते. अज्जी शाळेत गेली नाही. पण तिने जे सांगितले ते शब्दशः खरे आहे. जेवण बंद झाले की यकृतातली साठवलेली साखर साधारण एक दिवस पुरते. मग शरीर चरबी जाळू लागते. तीही सरत आली की स्नायू मोडून जाळते. पावसाळ्यात सरपण संपले म्हणून एखाद्याने घराचे वासे काढून चुलीत घालावेत, तसे. पेशीतली आग तर विझू द्यायची नाही. मग तिला घरच अर्पण करायचे. दुष्काळ या शब्दाचा अर्थ मी इतिहासाच्या पुस्तकात पुष्कळदा वाचला आहे, पण तो मला अज्जीच्या मनगटाकडे पाहून कळला.

हवा तुटल्याची गोष्ट अव्वाची. आणि खरे सांगायचे तर हा लेख तिच्यासाठीच आहे. अव्वा खुरपणीला जाते. दोन-अडीच वर्षांपूर्वी ती लवकर थकू लागली. पाण्याची घागर घेऊन दोन पायऱ्या चढली की धाप लागे. पातीत ती मागे राहू लागली, तेव्हा बरोबरच्या बायका कुजबुजू लागल्या: हिला आता काम नको झालंय, पोरगी कॉलेजात गेली ना! घरातही कोणी तसे बोलून दाखवले नाही तरी मनात तेच असावे. अव्वा स्वतःही म्हणे, "वय झालं की." तिचे वय तेव्हा 38 होते. शेवटी दवाखान्यात रक्त तपासले. रक्तातले हिमोग्लोबिन 7 भरले. बाईमाणसाला ते निदान 12 असावे लागते.

त्या आकड्याचा अर्थ मला भावाच्या पुस्तकाने सांगितला. अव्वाच्या पोटात भाकरी होती, छातीत हवा होती. पण हवेतला ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन लोहावाचून बनत नाही, आणि तिच्या अंगात लोहच उरले नव्हते. इलेक्ट्रॉनांच्या त्या साखळीतल्या कितीतरी कड्यांनाही लोहच लागते. म्हणजे वाटेवरची गाडीही रिकामी आणि कारखान्यातली यंत्रेही खिळखिळी. जोराचे काम आले की स्नायूंच्या पेशींना पुरेसा ऑक्सिजन मिळत नसणार आणि त्यांना त्या दोन-दोन नाण्यांच्या तुटपुंज्या मिळकतीवर भागवावे लागत असणार. तिला आम्ही थकलेली म्हणत होतो. प्रत्यक्षात तिच्या पेशी गुदमरत होत्या, उघड्या रानात, मोकळ्या वाऱ्यात.

आणि ही काही एकट्या अव्वाची गोष्ट नव्हे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. निम्म्याहून अधिक! त्यांतल्या किती जणींना आळशी म्हटले गेले असेल? त्याची मोजणी कोणत्याच पाहणीत होत नाही. सगळ्यांची जेवणे झाल्यावर बाईने बसायचे, उरलेली भाकरी आणि तळाची आमटी घ्यायची, भाजी संपली तर चटणीवर भागवायचे, ही रीत आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. दर महिन्याला रक्त जाणाऱ्या, बाळंतपणे काढलेल्या शरीराला लोहाची गरज अधिक आणि ताटात वाटा मात्र कमी. या कौतुकाचा हिशेब पेशीत होतो.

डॉक्टरांनी अव्वाला लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळीवर लगेच चहा घ्यायचा नाही, जेवणात लिंबू पिळायचे, पालेभाजी आणि कडधान्य वाढवायचे, असे सांगितले. ज्वारीत लोह असते, पण तिच्यातले काही घटक ते अंगी लागू देत नाहीत. लिंबू-आवळ्यातले जीवनसत्त्व त्याला मदत करते. चहा सोडायला अव्वा तयार होईना, तेव्हा मी वेळ बदलून दिली. गोळीने मळमळते म्हणून ती दोनदा बंद केली, दोनदा मी पुन्हा सुरू करायला लावली. सहा महिन्यांनी आकडा साडेदहावर आला. पातीतले तिचे मागे राहणे हळूहळू कमी झाले. कुजबुजही आपोआप थांबली.

आणखी एक हिशेब राहिला, तो माझा. बारावीनंतर मला पुढे शिकवायचे की नाही याची आमच्या घरी चर्चा झाली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेले माझ्या आधी कोणी नाही. अप्पा म्हणाले, "एक मजूर कमी होतो आणि खाणारं तोंड तेवढंच राहतं." ते कठोरपणे म्हणाले नाहीत, हिशेब केला, इतकेच. अव्वा म्हणाली, "मी दोन दिवस जास्त जाईन." एसटीच्या पासाचे आणि परीक्षा शुल्काचे पैसे त्या जास्तीच्या दिवसांतून आले, आणि ते दिवस तिने कोणत्या रक्तावर भरले ते आता मला ठाऊक आहे.

गल्लीत कोणी म्हणतात, ही नुसती बसून वाचते, हिला कसली भूक लागते? त्यांना सांगायला मला आता उत्तर सापडले आहे. मेंदूचे वजन शरीराच्या फक्त 2 टक्के, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. ग्रंथालयात बसून मी एक पान वाचते तेव्हाही भाकरी जळतच असते, आणि ती कोणाच्या कष्टाची भाकरी आहे हे विसरून वाचणे मला यापुढे जमणार नाही. कला शाखेत आम्हाला माणसाच्या सुखदुःखांचा अभ्यास करायला शिकवतात. त्या अभ्यासात तंतुकणिकांना जागा असावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आमच्या घरी आता सहा ताटे एका वेळी मांडली जातात. अज्जींना ते आरंभी पसंत पडले नाही; हल्ली त्याच अव्वाला हाक मारतात. अव्वाला 'हिमोग्लोबिन' हा शब्द अजून नीट उच्चारता येत नाही. पण परवा पातीतल्या एका नव्या सुनेला धाप लागली आणि बाकीच्या हसल्या, तेव्हा अव्वा खुरपे खाली ठेवून म्हणाली, "आळस नव्हे तो. आधी रक्त तपासू." आणि दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून ती त्या मुलीला स्वतः दवाखान्यात घेऊन गेली.